फिंटन इथे आला नव्हता ना?

अट्रॅक्टा मुल्वी कुणाच्याही पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नसे. नवऱ्याने "स्ट्यू छान झालाय" म्हटलं, की थोड्या वेळाने ती वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायची, आणि दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर बिचाऱ्याची धडगत नसे. डब्लिनच्या एका कचेरीत सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या तयार करणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "एकटेपणाचा त्रास होत नाही ना?" असला प्रश्न कुणी लिहून आणला, की ती सरळ काट मारायची.

"उत्तर तूच देऊन टाकलंस की! म्हाताऱ्याने आता नुसती मान डोलवायची?"

त्या हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची पाहणी चालू होती. लीट्रिम परगण्याच्या डोंगराळ भागात घरोघर फिरून फिंटन गॅलॉग्ली ज्या प्रश्नावल्या भरून पाठवायचा, त्या तिच्या डोळ्यांत खुपू लागल्या. एकही रकाना कोरा नाही. रात्री रडू येतं का, शेवटचं कुणाशी बोललात, सगळ्याला उत्तर! लीट्रिमचा म्हातारा आणि परक्याला असलं काही सांगेल? अट्रॅक्टा शेजारच्याच रॉसकॉमनची, तिला कोण शिकवणार! फिंटन कामाला होता तो कारखाना बंद पडून तो कित्येक दिवस घरी बसला होता, हे काम त्याला नुकतंच मिळालेलं. गडी स्वयंपाकघरात बसून उत्तरं रचतोय, अशी तिची खात्रीच पटली. तिने गाडी काढली.

फिंटनच्या यादीतलं पहिलं घर पॅकी गिलरेनचं. तो फाटकातच आडवा उभा राहिला. आधी त्याने गाडीकडे पाहिलं, मग तिच्या काखेतल्या फायलीकडे.

"फिंटन गॅलॉग्ली नावाचा कुणी इथे आला नव्हता ना?"

"कोण फिंटन?"

"उंच, टक्कल पडलेला. प्रश्न विचारत फिरतो."

"बाई, इथे शेवटचे आले ते पाद्रीबाबा. तेही रस्ता चुकून."

दुसऱ्या घरी दार जेमतेम फटीएवढं उघडलं आणि "असला कुणी बघितला नाही" म्हणून लगेच लागलं. अट्रॅक्टाला संताप आला, आणि खरं सांगायचं तर आपला संशय खरा ठरल्याचा आनंदही झाला. गावातल्या पोस्टातून तिने डब्लिनला फोन लावला.

"गॅलॉग्लीला आजच कळवा. काम बंद."

तिसऱ्या घरी ती केवळ रीत म्हणून गेली. डेलिया मॅकगोल्ड्रिकनेही "नाही" म्हटलं, पण पाहुणीला थंडीने कापताना पाहून तिला शेगडीजवळ बसवलं. चहाची किटली टेबलावर ठेवली, तेव्हा अट्रॅक्टाचं लक्ष किटलीखालच्या पुठ्ठ्याकडे गेलं. 'रोज, कधीकधी, कधीच नाही.' उत्तर निवडायला समोरच्याच्या हातात द्यायचं ते कार्ड, आणि या भागात ते एकट्या फिंटनकडेच होतं.

"हे कुठून आलं, डेलियाआजी?"

म्हातारीने कपात चहा ओतला. "काम करतो म्हणून त्याचा बेकारभत्ता तोडायला आलीस का तू?"

"मी? छे! कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? फाईलवाली बाई गाडीतून उतरते आणि आपल्या माणसाचं नाव घेऊन विचारते, आला नव्हता ना म्हणून. पॅकीने लगेच फोन करून बजावलं, तोंड उघडू नका."

"पण त्याला तुम्ही सगळं सांगितलंत. रडण्याचंसुद्धा."

"अगं पोरी, आधी बराच वेळ त्याने काही विचारलंच नाही. जळण आत आणून रचलं, चहा प्याला. मग विचारलं. आणि मग गप्प बसून ऐकलं."

रॉसकॉमनच्या घरी सरकारी फाईलवाला आला की अट्रॅक्टाचा बापही "कोण? इथे नाही बुवा" म्हणायचा, आणि ती त्याच्या पाठीमागे हसू दाबत उभी असायची. हे आपण विसरलो कसे? तिला स्वतःची लाज वाटली.

पोस्टात जाऊन तिने आपला हुकूम मागे घेतला आणि थेट फिंटनचं घर गाठलं. डब्लिनचा पहिला फोन त्याच्यापर्यंत पोचला होता. तो दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"चूक माझी झाली, फिंटन. तुमच्या सगळ्या प्रश्नावल्या खऱ्या आहेत. उद्यापासून पुन्हा कामावर याल ना?"

त्याने तिच्या काखेतल्या फायलीकडे पाहिलं.

"मुल्वीबाई, हे मला विचारताय, की उत्तरही तुम्हीच भरून आणलंय?"