दुसरी पुनव

मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात पाटीला हात लावणारा मी पहिलाच. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आलो, तरी चार ओळी लिहिल्या की दोन खोडतो. शिवाय दाजी जोशांवर लिहायला पंचांग कळणारा माणूस हवा. पण आमच्या वाडीत ज्यांनी दाजींना पाहिलं त्यांना लिहिता येत नाही. म्हणून मी लिहितो. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

मालवणच्या किनाऱ्यावर, आम्हा मासे मारणाऱ्यांच्या वाडीला लागून दाजींचं घर होतं. कुणी तिथी किंवा मुहूर्त विचारायला आला की दाजी पंचांग मांडीवर घेत, पण उघडत नसत. आधी विचारत, "जेवलंस काय रे?" नाही म्हटलं तर आतून पेज आणि लोणच्याची फोड येई. पेज संपली की मगच पान उलटायचं. कुडाळकडच्या एका शेतकऱ्याने एकदा थट्टा केली, की मी मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला आलोय, पंगतीला नाही. दाजी हसले नाहीत. म्हणाले, "उपाशी माणसाचो मुहूर्त नेहमी आजचोच आसता."

ही सवय त्यांना माझ्या काकामुळे लागली.

पावसात ओढून ठेवलेल्या होड्या नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालायच्या नाहीत, असा आमच्याकडे नेम. आठ वर्षांपूर्वी अधिक श्रावण आला. त्या वर्षी श्रावण दोन, पुनवा दोन. आणि खरी नारळी पुनव दुसरी, महिनाभर पुढे. तांदूळ तोवर पुरणार नव्हता. वाडीतर्फे विचारायला गेले ते माझे वडील. पहिल्या पुनवेला नारळ दिला तर चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. पोरं रात्रीची रडतात, हेही सांगितलं.

दाजींनी पंचांग बराच वेळ पाहिलं. पहिल्या पुनवेला चंद्र श्रवण नक्षत्रात होता. ज्या नक्षत्रावरून महिन्याला नाव पडलं तेच नक्षत्र, हा आधार त्यांना सापडला. "चलात," ते म्हणाले.

पहिल्या पुनवेला नारळ दिला. तिसऱ्या दिवशी काका होडी घेऊन गेला आणि वारा फिरला. होडीच्या दोन फळ्या किनाऱ्याला लागल्या. काका लागला नाही.

त्यानंतर वडिलांनी दाजींशी बोलणं टाकलं. वाडी दुसऱ्या भटाकडे जाऊ लागली. मला मात्र दाजींकडे गणित शिकायला जायची बंदी झाली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. दाजींकडेच मला कळलं, की अधिक महिन्यात सूर्य रास बदलत नाही. "चंद्र भरलो म्हणान काय झाला? सूर्य थंयच आसा. अर्ध्या कामाक देव कसो येतलो?" आणि दुसऱ्या पुनवेला चंद्र शततारका नक्षत्रात होता, त्या नक्षत्राची देवता वरुण, समुद्राचा धनी. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नसत. "वरुण समोर लिवलेलो होतो. मी त्येका सोडून नावाक भुललंय."

नारळाचा अर्थ त्यांनीच मला सांगितला. लोक म्हणतात समुद्राला शांत करायला नारळ देतात. दाजी म्हणत, समुद्र आपल्या नारळावाचून शांत होतोच. "नारळ ही लाच न्हय रे. आमी थांबलो, त्येची ती खूण."

मी कॉलेजसाठी कोल्हापूरला निघालो तेव्हा ते काठी टेकत एस.टी.पर्यंत आले. गाडी सुरू झाल्यावर खिडकीला हात लावून म्हणाले, "तुझ्या बापाशीक सांग, एकदा माका तिथी इचारूक येवंदे."

मी सांगितलं नाही. दाजींचं नाव निघालं की वडील उठून जाळ्याकडे जात. प्रत्येक सुट्टीत ठरवायचो आणि तसाच परत यायचो. अशी दोन वर्षं गेली.

यंदा खाणावळीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पुन्हा दोन श्रावण दिसले. हातातला घास तसाच राहिला. त्याच दिवशी मी वडिलांना पत्र टाकलं आणि दाजींचा निरोप कळवला.

उत्तर बरेच दिवस आलं नाही. मग गेल्या आठवड्यात शाळेच्या मास्तरांच्या हातचं पत्र आलं. वडिलांनी सांगितलं तसं त्यांनी उतरवलं होतं. माझं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं त्याच दिवशी वडील दाजींकडे गेले. दाजी अंथरुणावर होते, वाचा गेलेली. वडील उशाशी बसले आणि म्हणाले, "दाजीनू, नारळ कधी घालूचो?"

दाजींनी पंचांगाकडे हात नेला नाही. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि वडिलांकडे पाहत राहिले.

"जेवलंय," वडील म्हणाले.

तेव्हा दाजींनी दोन बोटं वर केली. दुसरी पुनव. त्याच संध्याकाळी दाजी गेले. वाडीतली एकही होडी अजून पाण्यात घातलेली नाही, असं वडिलांनी कळवलं आहे.

पत्राच्या शेवटी मास्तरांनी एक ओळ वेगळी लिहिली आहे: तुझी आई सांगते म्हणून लिहितो, त्या दिवशी सकाळपासूनच तुमच्या घरी चूल पेटली नव्हती.