ढगाळ दिवसाचे फोटो

एडवणचा केतन किनाऱ्यावर कुटुंबांचे फोटो काढतो. कडक उन्हात माणसांचे डोळे मिचमिचतात, ढगांखाली चेहरे छान उजळतात. म्हणून आभाळ भरलं की तो सकाळीच गिऱ्हाइकांना फोन लावायचा. नेमके त्याच दिवसांत त्याच्या आईने, काशीबाईने, वाळत घातलेले बोंबील कुजायचे. "माज्या नुकसानीवर तुजा धंदा!" ती करवादायची.

नोव्हेंबरात असंच मळभ दाटलं आणि बोईसरहून सुजित-अर्चना मुलांना, सासूसासऱ्यांना घेऊन आले. अर्चनाने नाकाला ओढणी लावली. "ते बोंबील फोटोत येतायत. जरा हटवा ना!"

केतनने बोंबलांच्या काठीला हात घातला, तशी काशीबाई धावून आली. "हात लावून तर बघ!"

"आये, पाचच मिनिटं. पाऊस यायच्या आत उरकतो."

"तुला पाऊसच हवा हाय!"

केतनचं डोकं फिरलं. त्याने काठी हिसकली आणि अख्खी ओळ वाळूत पडली. काशीबाईने ते वाळूने माखलेले बोंबील एकदा पाहिले. मग ती त्या कुटुंबाच्या पुढ्यात फतकल मारून बसली. "काढ आता फोटो!"

सुजितने मुलांना उचललं आणि गाडी गाठली. थेंब पडू लागले. मायलेक एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले.

आता केतन गिऱ्हाइकांना केळव्याच्या किनाऱ्यावर बोलावतो. काशीबाई त्याचं ताट वाढून ठेवते आणि तो जेवायला बसला की मागच्या दाराने बाहेर जाते. दोघांनी बोलणं टाकलंय.