डोलकाठीखालचं लाकूड

आज शिरूरच्या घरी सुतार न्हाणीघराची चौकट ठोकून बघत होता. कुजक्या लाकडाचा ओला वास आला आणि मुलांनो, मला दौंडजवळचा भीमेचा काठ आठवला.

तुमच्या आजोबांची जुनी शिडाची होडी तिथे असायची. डोलकाठीच्या बुडाशी फळ्यांत पाणी मुरलं होतं, म्हणून त्यांनी धाकट्या भावाला घेऊन काठी उतरवली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"दादा, वरनं नवी फळी ठोका आन् चला. पोरगं कवाचं वाट बघतंय," भाऊजी म्हणाले.

आजोबांनी खिशातून खडू काढला. हातोडीने ठोकत, जिथे बद्द आवाज येई तिथे खडूने खूण करत ते पुढे सरकत राहिले. शेवटची खूण पडली ती आधीच्या रविवारी भर वाऱ्यात, तेव्हा लहान असलेले तुमचे बाबा जिथे मांडी घालून बसले होते, त्या फळीवर. वरचा निळा रंग अगदी चकचकीत होता.

तेव्हा होडीतली सहल हुकली म्हणून मी चिडले होते. आता तो आवाज तेवढा आठवतो.

"आजी, कुठवर कापू?" सुताराने विचारलं.

"खणखणीत आवाज येईल तिथवर."

चौकट केव्हाच संपली. आता तो, तुम्ही सुट्टीत जिच्याखाली झोपता, त्या तुळईवर ठोकतो आहे.