फिटरकाका आणि परसातला चोर

शेजारच्या फिटरकाकांनी मेटल डिटेक्टर घेतला तेव्हा, काकांना म्हातारपणी गुप्तधनाचे डोहाळे लागलेत, असं मी सगळ्या आळीत पसरवलं. ते साफ खोटं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

काकूंना विसरण्याचा आजार जडला होता. लेक, सून, सख्खी बहीण, एकेक माणूस डोक्यातून पुसलं गेलं. नवऱ्याला तेवढं ओळखायच्या. काकांच्या पदरात तेवढंच उरलं होतं. त्यात काकूंच्या मनात चोर शिरला. तो येणार म्हणून बांगड्या, किल्ल्या, चमचे, हाताला लागेल ते त्या परसात पुरून यायच्या.

पहिल्या दिवशी यंत्र पावलापावलाला बोंबलू लागलं. खाली तांब्यापितळेचं गाव वसलंय वाटतं, असं मी भिंतीवरून विचारलं. काकांनी सेल बदलले, खालच्या तबकडीची लोंबणारी वायर दांड्याला घट्ट गुंडाळली, बटण फिरवून यंत्राचा तिखटपणा कमी केला. बोंब चालूच. शेवटी त्यांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. कारखान्यातले जुने बूट, चवड्यावर लोखंडी टोपी. रबरी चपला घातल्या आणि यंत्र शहाण्या सुनेसारखं गप्प झालं.

मग त्यांची शिस्त सुरू झाली. गवताचा चौकोन झाकणासारखा कापायचा, माती पोत्यावर काढायची, वस्तू मिळाली की माती भरून झाकण बसवायचं, वर पाणी. खड्डा दिसला तर काकू घाबरतील. माझ्या परसात मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. तिथे काकूंनी पुरलेलं माझंच कुलूप निघालं, आणि ते चोरल्याचा ज्या कामवालीवर मी आळ घेतला होता तिला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

काकू दुपारी झोपल्या की हे काम चाले. आवाजाने त्यांना जाग येऊ नये म्हणून काका हेडफोन लावत. तिथेच घात झाला. एका दुपारी मागचं दार उघडलं ते त्यांना ऐकूच आलं नाही. मी भिंतीपलीकडून हाका मारल्या, त्याही नाही. काका गुडघ्यांवर बसलेले, हातात मातीने माखलेल्या बांगड्या, आणि मागे काकू. काकांनी वळून वर पाहिलं.

काकू ओरडल्या नाहीत. हळूच भिंतीपाशी आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या.

"अगं, चोर सापडला. ह्यांना मात्र सांगू नकोस. तापट आहेत, जीव घेतील त्याचा."



डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत विसरतील. बाकी सगळं विसरल्या, तो चेहरा नाही. संध्याकाळी बाहेरून आले की काका स्वतःच्याच दाराची कडी वाजवतात.

"घरात पुरुषमाणूस नाही," आतून काकूंचा आवाज येतो. "हे आले की या."

"बरं," म्हणून काका माझ्या पायरीवर येऊन बसतात. त्या झोपल्या की मागच्या दाराने आत जातात. त्याआधी कधी कधी काकूच दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहतात, यांना आज एवढा उशीर का म्हणून रस्ता न्याहाळत. काका तेव्हा मान खाली घालून बसतात. चेहरा दिसला तर त्या पुन्हा आत पळतील.