रणगाड्याचे पट्टे

आमच्या घरात चुली दोन झाल्या तरी गणपती एकच राहिला. काकांच्या पडवीत तो बसायचा आणि मखर मी करायचो. सलग अकरा वर्षं. चौलमध्ये लोक आधी मखर बघत, मग मूर्तीला हात जोडत, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

माझा धंदा होड्या रंगवण्याचा. रेवदंड्याच्या खाडीतलं खारं पाणी खाऊन खरबरीत झालेली होडी माझ्या हाताखालून गेली की नवरीसारखी दिसायची. गंज, चिरा, खपल्या, सगळं झाकायचं. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

मग सरहद्दीवर लढाई झाली त्या वर्षी माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा दादा, फौजेतून निवृत्त होऊन आला. तिथे तो रणगाडे दुरुस्त करायचा. काकांनी जाहीर केलं की यंदा मखरापुढे रणगाडा हवा आणि तो दादाच करील. मला कागदी फुलं कापायला सांगितली. मी हसून हो म्हटलं. त्या दिवशी जेवण मात्र गेलं नाही.

दादाने पांगाऱ्याच्या लाकडाचा हातभर लांब रणगाडा कोरला. चाकांवरचे पट्टे रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे; एकेक कडी कापून, दुमडून तारेत ओवलेली. गावातले लोक दिवसभर त्याच्याभोवती. मी फुलं कापत बसलो की कात्री आपोआप जोरात चालायची.

शेवटी त्याने पट्टे रंगवायला माझ्याकडेच दिले. वाटलं, आता दाखवतो. काळाभोर रंग, वर चंदेरी कडा. रंगाचे तीन हात दिले. दादाने पट्टा बोटांत फिरवून बघितला. मग काकांसमोरच म्हणाला, "रंग चांगला बसलाय. पण हा रणगाडा कुठं गेलेला दिसत न्हाय."

रणगाड्याचे पट्टे कधी असे नसतात, त्याने समजावलं. फटींत चिखल, बाजूला गंज, आणि जमिनीला घासतो तेवढाच भाग लकाकतो. बोलता बोलता त्याने काचकागद घेतला आणि माझे तिन्ही हात खरवडून काढले, अगदी आतलं लोखंड उघडं पडेपर्यंत. त्याच्या बोलण्यात कुठेही कुचकेपणा नव्हता. कुचकेपणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो गंज दाखवायला तांबूस रंग आणायला रेवसच्या लाँचने मुंबईला गेला. पट्टे पडवीत परातीत ठेवलेले होते. दुपारी घर निजलेलं असताना मी तांब्याभर खाडीचं पाणी आणलं आणि पट्ट्यांवर शिंपडलं. संध्याकाळी पुन्हा. भाद्रपदातली ओली हवा, उघडा पत्रा. खाऱ्या पाण्याला काय जमतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पत्रा सडावा, कड्या तुटाव्यात आणि त्याला मखराजवळ तोंड दाखवायला जागा राहू नये, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी आज लिहितोय; तेव्हा बायकोलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दादा परतला. परात उचलून उजेडात गेला. मी फुलं कापत राहिलो, कान तिकडे. पट्टे सडले नव्हते, पण फटीफटीत खराखुरा गंज चढला होता. खोबरेल लावलेल्या फडक्याने त्याने कड्यांचे उंचवटे घासले, फटींत खाडीचा चिखल भरला आणि आणलेला रंग न उघडताच फळीवर ठेवून दिला.

त्या गणपतीत माणसं वाकून वाकून पट्टेच बघत होती. फौजेतून आलेला शेजारच्या आळीतला एक म्हातारा तर पायरीवर बसून डोळे पुसू लागला. काकांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांत तो हात माझ्या पाठीवर कधी पडला नव्हता.

दादाने सगळ्यांना थांबवलं. "गंज माझा न्हाय," तो म्हणाला. "घरातल्याच कुणीतरी केलाय. असा गंज मला जन्मात साधला नसता. त्यानं नाव सांगावं, पुढल्या वर्षीपासून मखर त्याचं."

 तो माझ्याकडे बघतही नव्हता. एक शब्द बोललो असतो तर माझं मखर मला परत मिळालं असतं, आणि मग कोणीतरी विचारलं असतं, पाणी कशासाठी शिंपडलंस? मी समईत तेल घालायला उठलो. ती काठोकाठ भरलेली होती.

पुढल्या वर्षी मखर दादानेच केलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी फुलं कापली. रणगाडा दरवर्षी फडताळातून निघायचा, लोक पट्ट्यांवरून बोट फिरवून दादाची वाहवा करायचे, आणि माझा जळफळाट व्हायचा. आयुष्यात शेकडो होड्या रंगवल्या, पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं.