प्रल्हाद हसायचा का?

प्रल्हादच्या मुलीचा, मीनलचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" इतका बावळट प्रश्न... पण प्रल्हाद मला सांगितल्याशिवाय कुठे जायचा नाही. वांगी तिथेच टाकली आणि धुळ्याची एसटी पकडली.

खरा गोंधळ उडाला तेराव्याला. त्याचे प्रयोगशाळेतले सहकारी आले होते, भाऊबंद आले होते, आणि जो तो एकच सांगत होता: गंभीर माणूस, कामापुरतं बोलणार. मी फोटोकडे पुन्हा पुन्हा बघितलं. वाटलं, आपण भलत्याच घरी येऊन बसलोय. कारण मला माहीत असलेल्या प्रल्हादच्या तोंडाचा पट्टा दोंडाईच्याच्या शाळेत, एका बाकावर बसायचो तेव्हापासून, कधी थांबला नव्हता.

पुढे मी बँकेत चिकटलो आणि तो मूत्रपिंडावर संशोधन करू लागला. सुट्टीत गावी आला की लोक रिपोर्ट घेऊन ओट्यावर हजर. आपण औषध देणारे डॉक्टर नाही, हे सांगून तो थकायचा. एकदा शेजारचे आबा छाती चोळत आले. "तू अ‍ॅसिडवर काम करस ना? माले लई जळजळ व्हस."

"आबा, ते पोटनं अ‍ॅसिड. मनं काम रगतना अ‍ॅसिडनं शे."

"मंग रगतनी गोळी दे."

प्रल्हाद इतका हसला की आबाही जळजळ विसरून हसायला लागले.

मलाही त्याचं काम धड कळलं नाही, पण तो चिकाटीने समजावायचा. खाण्यापिण्यातून रक्तात आम्ल येत राहतं. ते वाढलं तरी धोका, फार घटलं तरी धोका. मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या तो तोल राखतात. त्या नळ्यांत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक आम्ल लघवीत टाकते, दुसरी नेमकी उलट, क्षार टाकते. "दिसाले सारख्याच, फक्त तोंडं उलटी," तो म्हणायचा. त्या खरंच दोन आहेत, की एकच पेशी गरजेप्रमाणे तोंड फिरवते? या प्रश्नात त्याचं आयुष्य गेलं. "मंग काय निंघनं?" मी विचारायचो. "निम्मं," म्हणून पुन्हा हसायचा.

तेराव्याच्या गर्दीत मीनलशी बोलणं झालं नव्हतं, म्हणून परवा परत गेलो. तिने मला त्याच्याच खोलीत, त्याच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला. म्हणाली, "काका, बाबा तुमच्याशी काय बोलायचे?" मी आबांचा किस्सा सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं.

"बाबा हसले?" तिने विचारलं. "घरी कधी हसले नाहीत. रागावलेही नाहीत. पेपर वाचायचे, जेवायचे, खोलीत जायचे. माझ्यातच काहीतरी कमी असेल, असं मी समजत आले."

प्रल्हादचा राग आला. तिच्या वाटणीचं काही मीच खाऊन बसलो की काय, अशी लाजही वाटली, आणि त्यात माझा काय दोष, हेही कळेना. प्रल्हाद दोन होते, की एकच घराच्या दाराशी तोंड फिरवायचा? कशाने? विचारायचं कुणाला... तो तुझ्याबद्दल सारखा बोलायचा, असं सांगणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तो घराचं नावच काढायचा नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. तिला तेवढंच सांगितलं.

तिने माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "कसे हसायचे? करून दाखवा ना."

या वयात असली नक्कल कुणी सांगितली नव्हती. आधी त्याचे नुसते खांदे हलायचे, आवाज नाही. मग नाकातून फुरफुर, आणि शेवटी मांडीवर थाप मारून खो खो. जमेल तसं केलं. भलतंच वेडंवाकडं झालं. डोळे पुसून वर बघितलं तर मीनल माझ्याकडे एकटक पाहत होती. आता ही रडेल, नाहीतर उठून जाईल, असं वाटलं.

तिने स्टूल माझ्या जवळ ओढलं आणि म्हणाली, "अजून एकदा."