हाताला कळणारा रस्ता

धाड गावच्या बाजाराच्या दिवशी एक जीपवाला जीप उभी करून आमच्या गेमच्या दुकानात येतो. नवं मशीन मोकळं असलं तरी जुन्यासमोरच बसतो. नव्यावर चित्र काचेसारखं दिसतं, पण मालकांनी त्याला स्वस्तातले रिमोट घेतलेत, ते थरथरत नाहीत. जुन्याचा रिमोट मात्र पडद्यावरची गाडी मातीत उतरली की थरथरतो. "रस्ता हाताले समजला पाह्यजे," असं तो म्हणतो आणि वळण आलं की बाकड्यासकट कलतो.

नववीत शाळा सोडून मी कणकवलीहून इतक्या लांब आलो. मालकांनी मला या जुन्या मशीनवर ठेवलं. "लोकं त्या थरथरीसाठीच येते. थरथर गेली की मशीन भंगारात, अन् तुले गावाले पाठवतो," असं ते गिऱ्हाइकांसमोरच हसत म्हणतात. मला हसू येत नाही.

गेल्या बाजारी सकाळीच त्या रिमोटची थरथर बंद पडली. जीपवाला खेळायला बसला तेव्हा मालक शेजारीच उभे होते. पहिल्याच वळणावर गाडी मातीत गेली आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचे हात थरथरू लागले, थेट कोपरापर्यंत.

"चालू हाय ना बे?" मालकांनी त्याला विचारलं.

"हाव. आज तं हाताले जास्तच हादरे हाणून राह्यलं."

मालक चहाला गेले. त्याने रिमोट माझ्या हातात दिला.

"पुढच्या बाजारी मी भाडं घेऊन जळगाव जामोदले जाणार हाय. दुसरं कोणी असे हात हलवणार नाही. दुरुस्त करून ठेव, राजा."